उडत आली, पण उडता येईना : नाशिकमधील एका टिबुकलीचे प्रकरण

गेल्या पावसाळ्यात, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पाथर्डी फाट्याजवळच्या एका गृहसंकुलातून सकाळी पावणेसातला फोन आला. रात्रभर पाऊस झाला होता आणि संकुलाच्या वाहनतळावर, दोन गाड्यांच्या मधल्या डांबरी पट्ट्यावर, बदकाचे एक पिल्लू पडले आहे, त्याचे दोन्ही पाय मोडले आहेत आणि त्याला उडता येत नाही, असा निरोप होता. शहरातल्या अडचणीत सापडलेल्या पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका लहान गटात मी काही वर्षे आहे, त्यामुळे असे निरोप पावसाळ्यात नेहमीचे आहेत. या निरोपातल्या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन साफ चुकीच्या निघाल्या. तिसरी मात्र ना धड खरी होती ना धड खोटी, आणि त्या पक्ष्याला झालेला बहुतेक त्रास तिच्यामुळेच झाला. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवत आहे.

पहिला तास

मी पोहोचले तेव्हा सव्वासात झाले होते. पक्षी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात होता आणि भोवती आठ-दहा माणसे होती. तांबूस मान, टोकदार लहान चोच, चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका, शेपूट जवळजवळ नाहीच आणि मागचा भाग कापसाच्या पुंजक्यासारखा फुगीर. विणीच्या हंगामातल्या पिसाऱ्यातली ती पूर्ण वाढलेली टिबुकली होती. गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर, गावतळ्यांत, निफाडकडच्या कालव्यांच्या कडेच्या डबक्यांत सदैव दिसणारा, आणि आपण बघतो आहोत असे वाटताच बुडी मारून भलतीकडेच वर येणारा हा पक्षी. लांबी जेमतेम वीतभर असल्यामुळे पाहणाऱ्याला ते बदकाचे पिल्लू वाटते.

संकुलाच्या रखवालदार काकांनी तो पहाटे पाचच्या सुमारास पाहिला होता. मांजर येईल या काळजीने त्यांनी त्याला उचलले आणि उडून जाईल या आशेने हवेत सोडले. "मॅडम, तीनदा वर फेकला, पण दगडासारखा खाली येतो," असे त्यांनी अगदी अपराधी चेहऱ्याने सांगितले. तिसऱ्या वेळी पक्षी छातीवर आपटला. तोपर्यंत जागे झालेल्या एका आजींनी त्याच्या छातीवर आणि पायांवर खरचटलेल्या जागी हळद आणि खोबरेल तेल लावले. या दोघांच्याही करण्यात माया होती, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे, कारण पुढे जे लिहिले आहे ते कोणाला दोष देण्यासाठी नाही. पक्षी आहे म्हणजे तो उडणार, आणि उडत नसेल तर त्याचे काहीतरी मोडले असणार, हे गृहीतक आपल्या सर्वांच्याच मनात असते. सुरुवातीच्या वर्षांत ते माझ्याही मनात होते.

त्या गर्दीत चौथीत शिकणारी एक मुलगी होती. खोक्यात डोकावत तिने विचारले, "याला उडता येत नाही, तर हा इथे आला कसा? गेट तर रात्री बंद असतं." त्या सकाळी विचारला गेलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता आणि त्याच्यापासूनच तपासणी सुरू करणे योग्य ठरले.

तपासणीत काय दिसले

वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर घटनेची नोंद करून, त्यांच्या सांगण्यावरून आम्ही पक्षी एका पशुवैद्यांकडे नेला. वजन १६२ ग्रॅम भरले. या जातीच्या प्रौढ पक्ष्याला ते चांगले वजन आहे, म्हणजे उपासमारीने थकून पडण्याची शक्यता उरली नाही. पंखांची हाडे दोन्हीकडे सारखी आणि अखंड होती. पायांचे सांधे नीट हलत होते, बोटांना चिमटा घेताच पक्षी पाय जोराने मागे ओढत होता.

यानंतर एक शक्यता तपासणे आवश्यक होते, जी बदके, पाणकोंबड्या आणि टिबुकल्या यांच्या बाबतीत सहज नजरेतून सुटते. बहुतेक पक्षी पंखांची मोठी पिसे दोन-दोन, चार-चार अशी टप्प्याटप्प्याने गाळतात, त्यामुळे त्यांचे उडणे कधी थांबत नाही. बदके आणि टिबुकल्या मात्र ती सर्व एकदम गाळतात आणि नवी पिसे येईपर्यंत तीन-चार आठवडे त्यांना मुळीच उडता येत नाही. ज्याला पाण्यात बुडी मारून लपता येते आणि खाणेही पाण्यातच मिळते, त्याला ही सुट्टी परवडते. घारीला ती परवडणार नाही. आमच्या टिबुकलीचा पंख उघडून पाहिला तेव्हा उड्डाणपिसे पूर्ण लांबीची, कडक आणि जागच्या जागी होती. म्यानातून बाहेर पडणारी कोवळी पिसे कुठेच नव्हती.

थोडक्यात, छातीवरचे खरचटणे आणि पिसांना लागलेले तेल सोडले, तर या पक्ष्यात काहीही बिघाड नव्हता. आदल्या रात्री तो उडतच तिथे आला होता. पावसाळ्यात नवी डबकी आणि तळी भरू लागली की टिबुकल्या जागा बदलतात, आणि हे प्रवास त्या रात्री करतात. पावसाने भिजलेले सपाट डांबर दिव्यांच्या उजेडात वरून पाण्यासारखे चमकते. डांबरावरून आणि पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात साम्य असते आणि त्यामुळे काही पाणकीटक चक्क डांबरावर अंडी घालतात, हे नीट अभ्यासले गेले आहे. पक्ष्यांची अशी फसगत किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकते याचे उदाहरण डिसेंबर २०११मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात घडले. वादळी रात्री काळ्या मानेच्या टिबुकल्यांचा एक प्रचंड थवा सीडर सिटी या गावाच्या परिसरातल्या वाहनतळांवर आणि बर्फाच्छादित मैदानांवर पाणी समजून उतरला. कित्येक पक्षी आदळून मेले, पण तीन हजारांहून अधिक जिवंत पक्षी लोकांनी उचलून जलाशयांत नेऊन सोडले. त्यांतल्या बहुतेकांना पाण्याखेरीज दुसऱ्या कशाचीच गरज नव्हती.

डांबरावरून उड्डाण का होत नाही

पंखाने निर्माण होणारी उचल दोन गोष्टींवर प्रामुख्याने अवलंबून असते : पंखाचे क्षेत्रफळ आणि हवेतून जाण्याचा वेग. वेगाचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात होतो. पंखांचे क्षेत्रफळ निम्मे असेल तर तेवढेच वजन पेलण्यासाठी वेग सुमारे १.४ पट लागतो. वजनाला पंखांच्या क्षेत्रफळाने भागले की येतो तो पंखभार, आणि पक्ष्याला जमिनीवरून उठणे सोपे जाणार की अवघड, याचा पहिला अंदाज या एका आकड्यावरून बांधता येतो.

गोदावरीच्या काठावर खांदे पाडून बसलेला वंचक आपण सर्वांनी पाहिलेला आहे. वजनाने तो टिबुकलीपेक्षा थोडाच जास्त, पण त्याच्या पसरलेल्या पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७५ ते ९० सेंटिमीटर भरते. टिबुकलीची भरते ४० ते ४५. म्हणून वंचक एका जागी उभा असताना नुसती उडी मारून हवेत जातो, आणि टिबुकलीला मात्र पंखांना उचल मिळू लागण्याआधी पुरेसा वेग कमवावा लागतो. हा वेग ती पाण्यावर धावून मिळवते. नांदूर मध्यमेश्वरला चापडगावच्या बाजूने सकाळच्या वेळी हे अनेकदा पाहता येते : मान पुढे ताणून, पंख भराभर मारत, पायांनी पाणी मागे उडवत ती पंधरा-वीस मीटर धावते आणि मग पाण्याला जेमतेम चिकटून वर उठते.

हीच धाव ती डांबरावर का मारू शकत नाही, याचे उत्तर तिच्या पायांत आहे. टिबुकलीचे पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला असतात, जसा जहाजाचा पंखा जहाजाच्या पाठीमागे असतो. बोटांना सलग पडदा नसतो, प्रत्येक बोटाला पानासारखी रुंद पाळ असते. पाण्याखाली मासोळीचा पाठलाग करण्यासाठी याहून चांगली रचना सुचवणे कठीण आहे. पण जमिनीवर उभे राहायचे तर शरीराचे वजन पायांच्या वर यावे लागते, आणि इथे ते सगळे पायांच्या पुढे असते. पाण्यावर असताना तिचे वजन पाणी पेलते आणि पाय फक्त ढकलण्याचे काम करतात. डांबरावर पेलायला कोणी नसते, म्हणून ती दोन पावलांत छातीवर पडते. पाय मागे ताणलेले, छाती जमिनीला टेकलेली, ही तिची जमिनीवरची स्वाभाविक स्थिती पाहूनच लोकांना पाय मोडले असे वाटते. हवेत फेकण्याचा उपायही याच कारणाने फसतो. माणसाच्या हाताने तिला उंची मिळते, पण लागणारा आडवा वेग मिळत नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते, जी पुस्तकातल्या "उडणारे" आणि "न उडणारे" अशा दोन रकान्यांत हरवून जाते. उडता येणे हा एकट्या पक्ष्याचा गुण नाही. तो पक्षी आणि त्याची जागा या दोघांचा मिळून असलेला गुण आहे. तीच टिबुकली आदल्या रात्री कित्येक किलोमीटर उडाली असेल आणि सकाळी तिला एक वीतभर उठता येत नव्हते, आणि या दोन घटनांच्या मध्ये तिच्या शरीरात काहीच बदलले नव्हते.

या ठिकाणी पोकळ हाडांविषयीही लिहिले पाहिजे, कारण वाहनतळावर जमलेल्यांपैकी एका गृहस्थांनी पक्ष्यांची हाडे पोकळ असतात म्हणून ते उडतात, हे शाळेतले वाक्य उच्चारले होते. बुडी मारणाऱ्या पक्ष्यांच्या हाडांत हवेच्या पोकळ्या कमी असतात, कारण पाण्याखाली जायचे तर फार तरंगून चालत नाही. टिबुकलीची हाडे अशीच तुलनेने भरीव आहेत, आणि तरी ती उडते. उलट शहामृगाच्या मांडीच्या हाडात हवेच्या पोकळ्या असतात आणि तो कधीच उडत नाही. पोकळ हाडे उड्डाणाला मदत करतात हे खरे, पण त्यांच्यावरून कोण उडेल हे ठरत नाही.

हळद आणि तेल

पक्षी धडधाकट होता, तर त्याच सकाळी पाण्यात सोडून प्रकरण संपायला हवे होते. ते संपले नाही याचे कारण खोबरेल तेल.

पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी बारीक तंतू फुटलेले असतात, त्या तंतूंना आणखी बारीक उपतंतू असतात आणि त्यांवरचे सूक्ष्म आकडे शेजारच्या तंतूत अडकून एक घट्ट विणलेले पाते तयार होते. पाणी आत शिरत नाही ते मुख्यतः या विणीमुळे. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीचा स्निग्ध स्राव पक्षी चोचीने पिसांवर पसरतो, तो ही वीण लवचिक आणि टिकाऊ ठेवतो. बाहेरचे तेल लागले की तंतू एकमेकांना चिकटतात, विणीत फटी पडतात आणि पाणी सरळ कातडीपर्यंत पोहोचते. जमिनीवरच्या पक्ष्याला हे एक वेळ निभावते. टिबुकलीची मात्र छाती आणि पोट दिवसरात्र पाण्यात असते. तिथल्या पिसांतून पाणी आत जाऊ लागले तर ती गारठते, जड होते आणि काही तासांत मरू शकते. जखमेवर हळद लावणे ही आपल्या घरातली शहाणपणाची गोष्ट आहे आणि माणसाच्या बाबतीत मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पाणपक्ष्याच्या पिसांवर मात्र कोणतेही तेल लागता कामा नये.

पशुवैद्यांनी कोमट पाण्यात भांडी घासण्याचा द्रव अगदी थोडा मिसळून तेलाची जागा धुतली आणि मग त्या द्रवाचा अंश राहू नये म्हणून साध्या कोमट पाण्याने पुनःपुन्हा धुतली. त्यानंतर दोन दिवस ती वनविभागाच्या परवानगीने त्यांच्याच निगराणीत राहिली. पहिल्या रात्री मऊ टॉवेलची घडी, अंधार आणि ऊब. टॉवेल महत्त्वाचा, कारण कठीण पृष्ठभागावर छाती टेकून राहिल्याने टिबुकल्यांच्या उरोस्थीवर जखमा होतात. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या टबात पाणी आणि डासांच्या बंदोबस्तासाठी टाक्यांत सोडतात ते गप्पी मासे. तिने पहिल्या तासात पिसे साफ करण्यापलीकडे काही केले नाही, आणि मला तेच सर्वांत जास्त हवे होते. संध्याकाळपर्यंत पाच मासे संपले होते आणि छातीवर पडलेले पाण्याचे थेंब मण्यांसारखे घरंगळत होते.

तळ्याच्या काठावरचा प्रश्न

तिला कुठे सोडायचे यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. गोदावरी बाद होती, कारण गंगापूर धरणातून पाणी सोडलेले होते आणि रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पूर आला होता. जवळच्या शेततळ्यांचाही विचार झाला, पण प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याला निसरड्या उभ्या कडा असतात, काठाला गवत नसते, लपायला आणि घरटे बांधायला काही नसते. शेवटी मखमलाबादच्या पुढे एका द्राक्षबागायतदारांच्या शेतालगतचे जुने, मातीच्या काठाचे, पाणवनस्पती असलेले तळे निवडले. तिथे आधीपासून टिबुकल्यांची एक-दोन कुटुंबे होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मी खोका पाण्याच्या कडेला टेकवून आडवा केला. ती क्षणभर थांबली, पाण्यात सरकली आणि बुडाली. पुन्हा दिसली ती तळ्याच्या मध्यावर, तीस-पस्तीस फुटांवर.

बागायतदार हे सगळे पाहत शेजारी उभे होते. टिबुकलीच्या पायांची हकिगत त्यांनी लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाले, "ताई, हिचं समजलं. पण आमच्याकडं २०१०च्या सुमाराला इमू होते. शेड उघडी टाकली तरी उडायचं नाव नाही. त्यांचं काय बिघडलेलं असतं?" महाराष्ट्रात त्या काळी अनेकांनी इमूपालन केले आणि त्यात पैसे गमावले. त्यांच्या बोलण्यात ती खंतही होती. मी त्यांना विचारले की मेलेला इमू कधी कापून पाहिला होता का. त्यांनी पाहिला होता. "छाती सपाट असते," ते म्हणाले, "कोंबडीला मधे उभं हाड असतं, तसं नाही."

उत्तराचा मोठा भाग त्यांनी स्वतःच दिला होता. कोंबडी शिजवणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचे असलेले ते उभे हाड म्हणजे उरोस्थीवरची कड, आणि पंख खाली ओढणारे मोठे स्नायू तिला धरून असतात. उडणाऱ्या पक्ष्यांत हे उड्डाणस्नायू शरीराच्या वजनाच्या साधारण १५ ते २५ टक्के असतात. इमू, शहामृग, किवी यांच्या उरोस्थीवर ही कडच नाही, ती तराफ्यासारखी सपाट आहे. इमूचा पंख वीतभर, वजन ३० ते ४५ किलो. त्याची पिसेही केसांसारखी सुटी, कारण पाते घट्ट विणणारे आकडे त्यांत नाहीत. वजनाचा हिशेबही त्याच्या विरुद्ध जातो. सगळी मापे दुप्पट केली तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट. म्हणून उडणाऱ्या पक्ष्यांच्या वजनाला एक मर्यादा पडते. आपला माळढोक १५ किलोच्या आसपास जातो आणि तो जगातल्या सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक आहे.

पण इमूचे काही "बिघडलेले" नसते, हे सांगताना मला माझे शब्द शोधावे लागले, आणि पुढचे थोडे विवेचन त्या शोधातूनच आलेले आहे.

उड्डाण सोडून देणारे नातेवाईक

आज हयात असलेल्या सुमारे अकरा हजार पक्षिजातींपैकी साठेक जातींना उडता येत नाही. त्या सर्वांचे पूर्वज उडणारे होते. ही क्षमता एकदाच हरवून पुढे वारशाने आली असे झालेले नाही, वेगवेगळ्या कुळांत ती स्वतंत्रपणे, पुनःपुन्हा गेली. याचे कारण असे की उड्डाण फार महाग आहे. मोठे स्नायू वाढवायचे, ते रोज पोसायचे आणि वापरताना त्याहून जास्त खर्च करायचा. बुडी मारणाऱ्या आणि उडणाऱ्याही अशा जाड चोचीच्या मर या समुद्रपक्ष्याचा उडण्याचा खर्च विश्रांतीच्या खर्चाच्या एकतीस पट असल्याचे २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. पाण्याखाली वल्ह्यासारखा चालणारा पंख हवेत महाग पडतो. पेंग्विनने हा सौदा एका टोकाला नेला. त्याची उरोस्थीची कड शाबूत आहे, छातीचे स्नायू दणकट आहेत, कारण तो उडतोच, फक्त पाण्यात.

टिबुकलीच्या कुळात तर या प्रश्नाच्या सगळ्या पायऱ्या एकत्र सापडतात. यूटातल्या अपघातात सापडलेली काळ्या मानेची टिबुकली शरद ऋतूत मोनो सरोवर आणि ग्रेट सॉल्ट लेक इथे लाखोंच्या संख्येने जमते, खारट पाण्यातली कोळंबीसारखी बारीक जीवसृष्टी खाऊन वजन दुपटीहून अधिक वाढवते आणि या काळात तिचे उड्डाणस्नायू इतके आटतात की तिला उडता येत नाही. स्थलांतराची वेळ जवळ आली की उलट घडते : पचनसंस्था आकसते, स्नायू पुन्हा भरतात आणि एका रात्री ती निघून जाते. वर्षातले सर्व असे काळ मिळवले तर नऊ-दहा महिने ती न उडणारी असते. याच्या पुढची पायरी म्हणजे पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या, ३,८०० मीटरहून अधिक उंचीवरच्या टिटिकाका सरोवरातली टिबुकली. ते सरोवर आटत नाही आणि गोठतही नाही, त्यामुळे तिथून कुठे जाण्याची गरजच उरली नाही, आणि तिचे पंख इतके लहान झाले की ती पाण्यावर धावते पण उठत नाही. पेरूतल्याच हुनीन सरोवरातल्या टिबुकलीचेही तसेच. ग्वाटेमालातल्या आतितलान सरोवरातली अशीच एक जात १९८०च्या दशकाच्या अखेरीस कायमची नाहीशी झाली. आज टिटिकाकाच्या टिबुकलीला सर्वांत मोठा धोका नायलॉनच्या मासेमारीच्या जाळ्यांचा आहे. धोका कळला तरी ती तळे बदलू शकत नाही.

नाशिकच्या टिबुकलीला हे परवडले नसते. इथली तळी मे महिन्यात आटतात आणि जुलैत भरतात. इथे पंख राखून ठेवणे भाग आहे, पण ते नेहमी वापरणे भाग नाही, आणि म्हणून तिच्याकडे जेमतेम पुरतील एवढेच पंख आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे त्या डांबरावरच्या सकाळचे खरे स्पष्टीकरण हे आहे.

नांदूर मध्यमेश्वरच्या पाणवेलीत शेकड्यांनी दिसणारी जांभळी पाणकोंबडी हे या गोष्टीचे आणखी एक टोक आहे. पाय लोंबकळत ठेवून ती अनिच्छेनेच उडते असे पाहणाऱ्याला वाटते, पण तिच्या कुळातले पक्षी दूरदूरच्या बेटांवर पोहोचलेले आहेत. जिथे जमिनीवरचे शिकारी सस्तन प्राणी नव्हते, तिथे पोहोचल्यावर त्यांनी उडणे सोडून दिले. न्यूझीलंडमधला ताकाहे हा तिचाच सख्खा नातेवाईक, तीच निळी झळाळी आणि तीच लाल चोच, पण थोराड आणि न उडणारा. तो नामशेष झाला असे मानले जात होते, आणि १९४८मध्ये डोंगराळ भागात पुन्हा सापडला. हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटावर तर याच कुळातल्या एका पक्ष्याने दोनदा उड्डाण सोडले. सुमारे १,३६,००० वर्षांपूर्वी बेट समुद्राखाली गेले तेव्हा तिथली न उडणारी जात बुडाली, बेट पुन्हा वर आल्यावर उडणारे नातेवाईक पुन्हा आले आणि त्यांच्या वंशजांचेही पंख पुन्हा दुबळे झाले, हे जीवाश्मांवरून २०१९मध्ये दाखवले गेले.

दक्षिण अमेरिकेतल्या स्टीमर बदकांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. त्यांच्या चार जातींपैकी तीन उडत नाहीत, आणि जी चौथी उडते तिच्यातलेही काही नर इतके जड असतात की त्यांना उडता येत नाही. एकाच जातीत, एकाच किनाऱ्यावर, उडणारा आणि न उडणारा शेजारी शेजारी पोहतात. रेघ कुठे ओढायची?

बागायतदारांना मी एवढे सगळे सांगितले नाही. इमूच्या पूर्वजांना पळून जाण्यासाठी आणि चरण्यासाठी पाय पुरेसे झाले, म्हणून पंखांवरचा खर्च थांबला, इतकेच सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे जे लागत नाही त्यावर पाणी सोडत नाहीत." बागेला पाणी देणाऱ्या माणसाची ही भाषा माझ्या भाषेपेक्षा नेमकी होती.

नंतर

आमच्या गटाच्या नोंदवहीत आधी "जखम" हा रकाना पहिला होता. आता पहिला रकाना "कुठे सापडला" हा आहे, आणि ओला रस्ता, वाहनतळ, पत्र्याचे किंवा काचेचे सपाट छप्पर यांच्यासाठी वेगळी खूण आहे. पाणपक्षी असा सापडला तर फेकायचा नाही, तेल लावायचे नाही, चोचीत पाणी ओतायचे नाही, भोके पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर अंधारात ठेवायचा आणि १९२६वर कळवायचे, एवढे एका कागदावर छापून आम्ही शहराच्या कडेच्या गृहसंकुलांतल्या रखवालदारांना वाटले. त्या चौथीतल्या मुलीला मी तिच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष भेटून सांगितले. तिने पुढचा प्रश्न विचारला : मग टिबुकलीला पाऊस थांबल्यावर डांबर कोरडे झालेले दिसत नाही का? मी तिला सांगितले की दिसत असेल, पण तोवर ती उतरलेली असते.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, परतीच्या पावसाच्या एका रात्रीनंतर, त्याच संकुलातून पुन्हा फोन आला. बोलणारे तेच रखवालदार काका होते. "मॅडम, पक्षी खोक्यात ठेवलाय, टॉवेलवर. फेकला नाही, काही लावलं नाही. कुठं सापडला ते आधी सांगू का?"